एप्रिलमधलं स्की टूरिंग: मनालीच्या वरच्या बर्फाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये मनालीत लोक टी-शर्टवर फिरतात. तेव्हा स्कीइंगला बर्फ कुठून येणार?

गावात नसतोच. मनाली २०५० मीटरवर आहे आणि एप्रिलमध्ये तिथे सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात. बर्फ तोवर वर सरकलेला असतो. मनालीजवळच्या सोलंगच्या मैदानात गवत दिसू लागतं, पण साडेतीन हजार मीटरच्या आसपास भूर्जाची झाडंही विरळ होतात, आणि तिथून पुढे अख्ख्या हिवाळ्याचा थर शाबूत असतो. डिसेंबरपासून एकामागून एक आलेल्या पश्चिमी झंझावातांनी तो टाकलेला असतो, आणि मार्चअखेरपर्यंत तो स्वतःच्या वजनाने दबून चांगला घट्ट होतो. हिमाचलात लिफ्टवरचं स्कीइंग संपतं तेव्हा स्की टूरिंगचा सगळ्यात सुंदर काळ सुरू होतो. दिवस मोठे असतात, थंडी सोसवते आणि जानेवारीत ज्या उतारांकडे नुसतं बघायचं, त्यातले बरेचसे आता आवाक्यात येतात. अट एकच आहे. घड्याळाचं ऐकावं लागतं, आणि खालची बहुतेक उत्तरं शेवटी तिथेच येऊन पोचतात.

बॅककंट्री किंवा स्की टूरिंग म्हणजे नेमकं काय?

लिफ्ट नाही, यंत्राने दाबून दिलेला उतार नाही, गस्तीचं पथक नाही. स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या) चिकटवायच्या, टाच मोकळी ठेवून स्वतःच्या पायांनी चढायचं, वर पोचल्यावर स्किन काढून टाच बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यात) अडकवायची आणि उतरायचं. याचंच शर्यतीचं रूप, म्हणजे स्की माउंटेनियरिंग, २०२६ च्या मिलानो-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकच्या कार्यक्रमात पहिल्यांदा आलं. इथला विषय मात्र शर्यतीचा नाही. चार तास शांतपणे चढून अर्ध्या तासात उतरण्याचा आहे.

मला स्की येत नाही, पण सह्याद्रीत भरपूर ट्रेक केले आहेत. थेट येऊ का?

थेट नको. सह्याद्रीने तुम्हाला पाय, दम आणि वाट वाचायची नजर दिलेली असते आणि ती इथे खरोखर कामाला येते. पण बर्फ कसा वागतो हे सह्याद्री शिकवत नाही. आधी दोन हिवाळे साध्या उतारावर घाला. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था या दोन्ही सरकारी संस्था हिवाळ्यात शिस्तीत अभ्यासक्रम घेतात. उत्तराखंडात औलीलाही शिकता येतं.

टूरिंगला यायच्या आधी तीन गोष्टी हाताशी असाव्यात. सकाळच्या कडक, खडबडीत बर्फावर घसरत न जाता स्कीच्या कडेच्या आधाराने उतरणं. पाठीवर दहा-बारा किलोची पिशवी असताना वळणं घेणं. आणि चढताना तीव्र उतारावर किक टर्न, म्हणजे जागच्या जागी एकेक स्की उचलून दिशा बदलणं. तिसरी गोष्ट लिफ्टच्या उतारावर कोणी शिकवत नाही, म्हणून ती मुद्दाम मागून शिका.

हिवाळ्यातल्या बर्फात आणि वसंतातल्या बर्फात फरक काय?

जानेवारीतला ताजा कोरडा बर्फ हलका असतो, एका घनमीटरला जेमतेम ५० ते १०० किलो. एप्रिलमधला जुना थर ४०० ते ५५० किलोपर्यंत जातो. हा फरक नुसत्या दबण्यामुळे पडत नाही. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो आणि कणांच्या मधे पाणी शिरतं. बारीक कण आधी विरघळतात, मोठे कण आणखी मोठे होतात. रात्री ते पाणी गोठतं आणि कण एकमेकांना घट्ट पकडतात. असं दिवसामागून दिवस होत राहिलं की सगळा पृष्ठभाग एकसारख्या जाड कणांचा बनतो. यालाच स्कीवाले कॉर्न स्नो म्हणतात. सकाळी उन्हाने याचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुटतो आणि खालचा कडक राहतो, तेव्हा तो अगदी रवाळ तुपासारखा होतो, आणि त्यावर स्की आपोआप वळल्यासारखी वळते. नवशिक्यालाही आपण फार चांगले स्कीअर आहोत असं वाटायला लावणारा हा बर्फ आहे. माझ्या मते पावडरपेक्षाही, म्हणजे ताज्या कोरड्या बर्फापेक्षाही, सरस. पावडरची बरी-वाईट वेळ नशिबावर असते, याची वेळ अभ्यासाने काढता येते.

पण ही अवस्था एका उतारावर तास-दीड तास टिकते. त्याआधी तो काचेसारखा कडक असतो आणि घसरलात तर थांबणं कठीण. त्यानंतर गुडघ्यापर्यंतचा लगदा, ज्यात स्की अडकून गुडघा पिरगळतो.

पहाटे किती वाजता निघायचं?

परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींचा अंदाज बहुतेक याच प्रश्नावर चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

आल्प्स साधारण ४६ अंश उत्तरेला आहेत, मनाली ३२ अंशांवर. एप्रिलच्या मध्याला दुपारी आल्प्समध्ये सूर्य क्षितिजापासून सुमारे ५४ अंशांवर येतो, मनालीच्या वर तो ६८ अंशांपर्यंत चढतो. त्यात तीन-चार हजार मीटरवरची विरळ हवा. म्हणजे त्याच तारखेला, तशाच उतारावर, इथला बर्फ कितीतरी लवकर आणि जोरात तापतो. आल्प्समधलं एप्रिलचं वेळापत्रक इथे तसंच्या तसं वापरू नका. इथला एप्रिल तिथल्या मेच्या शेवटासारखा धरा.

मनालीत एप्रिलच्या मध्याला सूर्योदय साधारण सहाला होतो, पण दरीत ऊन पोचायला उशीर लागतो कारण पूर्वेची धार आड येते. वरच्या पूर्वाभिमुख उतारांना मात्र पहिला किरण लगेच लागतो. साधारण पस्तीस अंशांच्या पूर्वेकडच्या उतारावर दोन-तीन तासांतच ऊन जवळजवळ काटकोनात पडू लागतं. म्हणून पूर्वेचा उतार आठ ते नऊच्या दरम्यान तयार होतो, दक्षिणेचा त्यानंतर, पश्चिमेचा अकराच्या आसपास. उत्तरेचे उतार बराच काळ कोरडे आणि थंड राहतात, त्यांचं गणितच वेगळं.

आता उलटं मोजा. पूर्वेच्या उतारावरून साडेआठला सुटायचं आणि चढाई चार तासांची आहे, तर साडेचारला चालायला लागायचं. म्हणजे साडेतीनला उठून चहा ठेवायचा. उन्हाळ्यात सह्याद्रीत चटका टाळायला आपण पहाटे निघतोच, त्यामुळे मराठी ट्रेकरला ही शिस्त परकी वाटू नये.

रात्री बर्फ नीट गोठला की नाही, हे कसं ओळखायचं?

तंबूतून बाहेर येऊन आधी आभाळाकडे बघा. चांदण्या लख्ख दिसत असतील तर बहुधा बर्फ गोठला आहे. बर्फ रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे टाकत असतो. आकाश मोकळं आणि हवा कोरडी असेल तर हवेचं तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असूनही पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर तीच उष्णता ते परत खाली पाठवतात आणि थर ओला राहतो. नुसता मोबाइलवरचा तापमानाचा आकडा बघून फसायला होतं ते यामुळे.

मग स्कीचा पोल उलटा करून दांड्याने ठोका. पातळ कवच फुटून दांडा आत गेला तर गोठणं वरवरचं आहे. स्की न घालता बुटांनी उभे राहा. पाय रुतत नसेल तर दिवस तुमचा. पहाटे चारलाच बूट घोट्यापर्यंत जात असेल तर त्या दिवशी मोठे उतार नाहीत. चहा प्यायचा, पुन्हा झोपायचं. हा निर्णय तंबूजवळच घ्यावा, कारण तीन तास चढून आल्यावर तो कोणालाच घ्यावासा वाटत नाही.

वसंतात हिमस्खलनाचा धोका कमी होतो ना?

सकाळी, चांगल्या गोठणाऱ्या रात्रीनंतर, जुन्या थरावर, होय, बराच कमी. बाकी वेळी नाही. इथे धोका तीन-चार वेगवेगळ्या रूपांत येतो आणि प्रत्येकाचं लक्षण वेगळं असतं.

पहिला म्हणजे ओला सुटा बर्फ. खडकाच्या किंवा झाडाच्या बुंध्याशी एका ठिकाणी सुटतो आणि खाली पंख्यासारखा पसरत जातो. त्याची आगाऊ सूचना मिळते. उतारावरून बर्फाच्या गुंडाळ्या आपसूक घरंगळू लागतात. त्या दिसल्या की तुमची वेळ संपत आली आहे असं समजा. वेग कोरड्या हिमस्खलनापेक्षा कमी, पण वजन प्रचंड. माणसाला ढकलत घळीत किंवा कड्यावरून नेण्याइतकी ताकद त्यात असते, आणि थांबल्याबरोबर तो इतका घट्ट होतो की हाताने उकरता येत नाही.

दुसरा, ओला स्लॅब. सलग दोन-तीन रात्री गोठल्या नाहीत की पाणी झिरपत खोल पोचतं आणि हिवाळ्यात पुरलेला एखादा कमकुवत थर भिजतो. मग वरचा अख्खा पट्टा एकदम सुटतो. याचा अंदाज बांधणं फार अवघड, म्हणून उकाड्याच्या ढगाळ रात्रींनंतर मी तीस अंशांपेक्षा तीव्र उतारावर आणि त्याच्या खालीही जात नाही. स्लॅब बहुतेक करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात. उतार मोजायला होकायंत्राला जोडलेला छोटा कोनमापक जवळ ठेवा. डोळ्याचा अंदाज चुकतो.

तिसरा प्रकार सोलंगच्या वरच्या गवताळ उतारांवर दिसतो. गुळगुळीत गवतावरून पाणी वाहू लागलं की सगळा थर जमिनीपासूनच सरकायला लागतो आणि वर चंद्रकोरीसारखी भेग पडते. त्या भेगेखाली थांबून जेवू नका, फोटो काढू नका. ती दुपारी सुटेल की चार दिवसांनी पहाटे, हे सांगता येत नाही. घड्याळाचा नियम चालत नाही असा हा एकच प्रकार.

आणि चौथा, वसंतातही पडणारा ताजा बर्फ. एप्रिलमध्ये एखादा जोरदार झंझावात येऊन वरती अर्धा-एक मीटर बर्फ टाकून जातो. त्यानंतरचं पहिलं कडक ऊन सगळ्यात घातक. २३ एप्रिल २०२१ ला उत्तराखंडात सुमनाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या तळावर हिमस्खलन कोसळलं, ते काही दिवसांच्या सततच्या बर्फ-पावसानंतर. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथू ला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटकांचा जीव गेला. दोन्ही घटना एप्रिलच्या. उन्हाळा आला, आता काय होतंय, असं म्हणणाऱ्याला मी या दोन तारखा सांगतो.

संरक्षण संशोधन विभागाची डीजीआरई ही संस्था हिमाचल, काश्मीर, लडाख आणि उत्तराखंडासाठी हिमस्खलनाचे इशारे देते. ते जरूर बघा. पण ते मोठ्या प्रदेशासाठी असतात, तुमच्या उताराचा निकाल तुम्हालाच लावायचा आहे.

मागे कधी फिरायचं?

निघतानाच वेळ ठरवा आणि सगळ्यांना मोठ्याने सांगा. माझी वेळ पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या उतारांसाठी साडेदहा. माथा शंभर मीटरवर असला तरी. बर्फ त्याआधीच बूट घोट्याच्या वर गिळू लागला तर त्याच क्षणी. परतीची वाट दुसऱ्या मोठ्या उताराखालून जात असेल तर आणखी अर्धा-पाऊण तास आधी, कारण तुम्ही उतरलात तरी डोक्यावरचा बर्फ तापतच असतो. मनालीकडे ही चूक सोपी आहे. वरचा उतार झकास होतो आणि मग सोलंगच्या पुढच्या धुंडीच्या दरीत दुपारी बाराला दोन्ही बाजूंच्या घळींखालून चालावं लागतं.

मनालीच्या आसपास जायचं कुठे?

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सोलंगच्या वरचे पातालसूकडचे उतार. वाट जंगलातून जाते, मध्ये कुरणं आहेत आणि हवा बिघडली तर लगेच खाली येता येतं. दुसरा पर्याय सोलंग–धुंडी–बकरथाच–ब्यास कुंड. ही दरी दिसायला सौम्य आहे, पण दोन्ही कडांचे उतार मोठे आहेत, म्हणून मुक्काम करून पहाटे फिरणं बरं.

अटल बोगद्याने सगळं चित्र बदललं. ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा तुम्हाला काही मिनिटांत पीर पंजालच्या पलीकडे, लाहौलमध्ये नेतो. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग घाट बंद झाला की लाहौलचा संपर्कच तुटायचा. सिस्सू आणि कोकसरच्या बाजूला हवा कोरडी आणि थंड असते, त्यामुळे बर्फ जास्त दिवस टिकतो. पण त्याच थंडीमुळे तिकडच्या सावलीच्या उतारांवर हिवाळ्यातले कमकुवत थरही जास्त दिवस टिकतात. कुल्लूच्या बाजूला मिळालेला अनुभव तिकडे जसाच्या तसा लावू नका.

३९७८ मीटरचा रोहतांग स्वतः उत्तम आहे, रस्ता कुठपर्यंत साफ झाला आहे यावर सगळं अवलंबून. गुलमर्गचा अफरवत पर्वत मार्चअखेरपर्यंत छान, आणि तिथे गोंडोला (केबल कार) चढाई वाचवतो. पण मग ते वेगळं सुख झालं.

ओढे आणि नाल्यांचं काय?

एप्रिलच्या उत्तरार्धात नाले बर्फाखाली वाहत असतात आणि वरचं छत रोज पातळ होतं. पहाटे जे छत तुमचं वजन पेलतं, तेच अकरा वाजता कोसळू शकतं. आत पडलेला माणूस पाण्याबरोबर बर्फाखाली ओढला जातो. खालून पाण्याचा आवाज येत असेल किंवा पृष्ठभाग मधे खचलेला दिसत असेल तर वळसा घ्या. पार करायचंच असेल तर एकेकाने, स्की पायात ठेवून, पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून.

सामान काय लागतं?

स्की मध्यम रुंदीची, मधल्या भागात ८५ ते ९५ मिलिमीटर, पिन बाइंडिंगसह (बुटाचं टोक पिनांनी पकडणारं). चालण्याची सोय असलेले टूरिंग बूट. स्किन, आणि त्याबरोबर स्किनचं मेण, कारण दुपारच्या ओल्या बर्फात स्किनला गोळे चिकटून एकेक पाय दोन किलोंनी जड होतो. पहाटेच्या कडक बर्फासाठी स्की क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीला लावायचे धातूचे दाते. आपल्याकडे ते लोक हमखास घरी ठेवून येतात, आणि वसंतात तेच सगळ्यात जास्त वापरले जातात. बर्फकुऱ्हाड, हेल्मेट, दुरुस्तीला तार, चिकटपट्टी आणि बाइंडिंगला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर.

सोलंगला भाड्याने मिळणारं सामान प्रामुख्याने साध्या उतारासाठीचं असतं. टूरिंगचा संच गाइडमार्फत आधीच ठरवा. एअरबॅग (हिमस्खलनात फुगणारी पिशवी) असेल तर तिच्या गॅसच्या नळकांडीसाठी विमान कंपनीची लेखी परवानगी निघण्याआधी घ्या.

ट्रान्सीव्हर खरंच हवाच का?

हवाच. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही, प्रत्येकाकडे. सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना शोधता येतं. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात येऊ शकत नाही, म्हणून शोधणारे हात तुमच्याच गटातले असतात. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवा, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर लांब किंवा सरळ बंद. सराव घरून निघण्याआधी मैदानावर करता येतो. पिशवीत ट्रान्सीव्हर लपवा आणि मित्राला शोधायला लावा, अगदी शिवाजी पार्कवरसुद्धा.

उंचीचा त्रास होईल का?

मुंबईहून एका दिवसात येऊन दुसऱ्या दिवशी ३५०० मीटरवर चढलात तर होण्याची शक्यता चांगलीच आहे. मनालीत दोन रात्री काढा. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर चर्चा न करता खाली उतरायचं.

उन्हासाठी काही खास?

चौथ्या श्रेणीचा (सगळ्यात गडद काचेचा), बाजूंनी बंद असलेला गॉगल. हिमांधत्वाची वेदना काही तासांनी सुरू होते, त्यामुळे चढताना काहीच जाणवत नाही आणि रात्री डोळे उघडत नाहीत. बर्फावरून ऊन खालूनही येतं, तेव्हा सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही लावा.

परवानग्या, संपर्क आणि बचाव?

रोहतांगकडे गुलाबा या ठिकाणाच्या पुढे गाडी न्यायला कुल्लू प्रशासनाचा ऑनलाइन परवाना लागतो आणि मंगळवारी तो रस्ता पर्यटकांसाठी बंद असतो. हवामानामुळे प्रशासनाने बंदी घातली तर ती पाळा. शिखर करायचं असेल तर त्याचे नियम वेगळे, ते गाइडकडून आधीच समजून घ्या.

अमेरिका-युरोपातून येणाऱ्यांनी हे नीट वाचा. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि विमानतळावर ते सापडून लोकांना अटक झाली आहे. तिकडे सुरक्षेचं साधन समजलं जाणारं यंत्र इथे तुम्हाला कोठडीत नेऊ शकतं. घरीच ठेवून या.

वरच्या दऱ्यांमध्ये मोबाइलचं नेटवर्क बहुतेक ठिकाणी नसतं. आल्प्ससारखं फोन केल्यावर येणारं हेलिकॉप्टर इथे गृहीत धरू नका. बचावाची विनंती जिल्हा प्रशासनामार्फत जाते आणि वेळ लागतो. ११२ वर फोन लागतो त्या जागेपर्यंत एक माणूस उतरवावा लागतो, म्हणून गट निदान चौघांचा असावा. गावात विश्वासू माणसाकडे आजची वाट आणि परतीची वेळ लिहून ठेवा.

गाइड घ्यावाच लागेल का?

पहिली काही वर्षं, हो. मनालीच्या आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या बर्फावर वाढलेली माणसं आहेत. २०१८ मध्ये भारताला स्कीइंगचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणारी आंचल ठाकूर सोलंगजवळच्या बुरुआची. इथल्या गाइडला कुठली घळ कोणत्या आठवड्यात रिकामी होते हे माहीत असतं, आणि ते नकाशात सापडत नाही. फक्त निवडताना विचारा की हिमस्खलनाचं प्रशिक्षण कुठे घेतलं, आणि शेवटचं मागे कधी फिरलात. दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा माणूस घ्या.

पुण्या-मुंबईत राहून तयारी कशी करू?

पाठीवर दहा किलो घेऊन सिंहगड आठवड्यातून दोनदा, चढताना श्वास बोलण्याइतका मोकळा ठेवून. उतरणं जास्त महत्त्वाचं, कारण मांड्या तिथे तयार होतात, म्हणून सावकाश, वाकलेल्या गुडघ्यांनी उतरा. एका पायावर तोल आणि बैठका रोज.

हंगाम संपला हे कधी मानायचं?

सलग रात्री गोठेनाशा झाल्या की. कुल्लूच्या बाजूला हे साधारण मेच्या पहिल्या पंधरवड्यात होतं, लाहौलच्या वरच्या भागात थोडं उशिरा, आणि कमी बर्फाच्या वर्षी दोन्हीकडे आधीच. बर्फ दिसतो म्हणून हंगाम आहे असं नसतं. जूनमध्येही पांढरे पट्टे दिसतील, पण ते दिवसरात्र ओले असतील. तेव्हा स्किन धुऊन नाही, सावलीत वाळवून, जाळी लावून गुंडाळा, बाइंडिंगचे स्प्रिंग सैल करा, आणि कडांना तेलाचा हात लावून स्की कोरड्या जागी ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात कडांना गंज चढायला आठवडा पुरतो.